घर बोलते, विहीर ऐकते

शेतघरची कारागिरी



गेल्या महिन्यात एका भगिनीचे पत्र आले. वहीच्या फाडलेल्या पानावर दोन्ही बाजूंनी लिहिलेले. त्यांच्या शिवारात विजेची पाळी रात्रीची असली की मालक मध्यरात्री उठून ओढ्यापलीकडच्या विहिरीवर मोटर लावायला जातात. मागल्या पावसाळ्यात बांधावर फुरसे निघाले. तेव्हापासून मालक परत येईतो बाईंच्या डोळ्याला डोळा लागत नाही. थोरला मुलगा आयटीआयला आहे. त्याने घरबसल्या मोटर लावता यावी म्हणून बिनतारी मॉड्यूलची जोडी आणली, तारा जोडल्या, प्रोग्रामही घातला. पण एक बोलते तर दुसरे ऐकत नाही. "वस्तूच खराब लागली," असे म्हणून त्याने ती फडताळात टाकून दिली आहे. बाई विचारतात, "वस्तू खराब की आमचे नशीब?"

बाई, दोन्ही नाही. वस्तू बहुतेक धडधाकट आहे आणि झोपलेली आहे. तिला जागे कसे करायचे ते पुढे ओघात सांगतो. पण नुसते जागे करून भागत नाही. जागे झालेले यंत्र भलत्याच माणसाचे ऐकू लागले तर काय होते, ते मी माझ्या घरी पाहिले आहे. म्हणून आजचा लेख जरा सविस्तर.

मॉड्यूल म्हणजे काय?

संगणक किंवा छोटा कंट्रोलर बोर्ड जेव्हा दुसऱ्या यंत्राशी बोलतो, तेव्हा बहुधा ओळीने बोलतो. पंगतीत वाढपी जसा एकेका पानावर वाढत जातो, तसे एकामागून एक बिट पाठवायचे. याला सीरियल म्हणतात. एका तारेने बोलायचे, दुसरीने ऐकायचे, आणि तिसरी दोघांची सामाईक ग्राउंड. घरापासून विहिरीपर्यंत अशा तीन तारा टाकल्या तरी एवढ्या लांबीवर त्यांतले बोलणे नीट पोचत नाही. शिवाय नांगर, उंदीर आणि भुरटे चोर यांच्या तावडीतून त्या वाचणार किती दिवस? बिनतारी सीरियल मॉड्यूल हे काम हवेतून करते. इकडच्या तारेत जे घातले ते तिकडच्या तारेतून बाहेर पडते.

बिनतारी लहरींनी दुरून काम करून घेणे ही काही आजची करामत नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतीपलीकडून लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. आपण घंटेच्या जागी मोटरचा स्टार्टर ठेवणार, एवढाच फरक.

बाजारात अशी मॉड्यूल पुष्कळ आहेत. मी ईबाईट कंपनीचे 'ई३२-८६८टी२०डी' वापरतो, म्हणून त्याचेच सांगतो. त्याच्या पोटात सेमटेकची एसएक्स १२७६ ही चिप आहे आणि ते लोरा पद्धतीने बोलते. लोराची युक्ती आपल्या गुराख्यांना ठाऊक आहे. ओढ्यापलीकडच्या माणसाला हाक मारताना आपण भराभर बोलत नाही. "ओ ऽ ऽ ऽ" असा सूर लांबवतो. लोराची लहरही शीळ घातल्यासारखी खालून वर चढत जाते. जितके सावकाश बोलाल तितके लांब ऐकू जाईल. मोटर लावण्यासाठी आपल्याला व्याख्यान द्यायचे नाही, चार अक्षरे पोचली की झाले. म्हणून आपल्याला सावकाश बोलणेच सोयीचे.

यात एक सरकारी बाबही ध्यानात ठेवा. हवेतल्या लहरींचे पट्टे वाटून दिलेले असतात. आपल्या देशात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ पासून कमी शक्तीच्या साधनांना परवान्याशिवाय मोकळा आहे. पुढे २०२१ च्या नियमांनी तो ८६८ पर्यंत वाढला. आपले मॉड्यूल कारखान्यातून येते ते नेमके ८६८ वर, म्हणजे पट्ट्याच्या अगदी बांधावर. बांधावर नांगर घालू नये. आपण ते आत ८६६ वर आणणार. शक्तीची मर्यादा १ वॉटची आहे आणि आपले मॉड्यूल फार तर त्याच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे १०० मिलिवॉटने बोलते.

ज्यांच्या विहिरीवर मोबाइलची रेंज खात्रीची आहे, त्यांनी तयार मोबाइल स्टार्टर घ्यावा, हे माझे प्रामाणिक मत. ही जोडी आहे ती रेंज नसलेल्यांसाठी. हिला सिमकार्ड लागत नाही आणि महिन्याचा रिचार्जही लागत नाही.

सामान आणि जोडणी

सामान असे. मॉड्यूल दोन, त्यांचे ८६८ चे अँटेना दोन, ३.३ व्होल्टवर चालणारे आर्डुइनो प्रो मिनी बोर्ड दोन, ५ व्होल्टचे चांगल्या प्रतीचे चार्जर दोन, ४७० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर दोन, आणि संगणकाला जोडायची यूएसबी-सीरियल पट्टी एक. ही पट्टी ३.३ व्होल्टवर लावता येणारी हवी.

पहिला नियम: अँटेना आधी, वीज मागाहून. अँटेना न लावता मॉड्यूलला बोलायला लावू नका. बाहेर न पडलेली शक्ती आतच परतते आणि चिप खराब होऊ शकते.

मॉड्यूलला सात पाय असतात. एम०, एम१, आरएक्सडी, टीएक्सडी, ऑक्स, व्हीसीसी आणि जीएनडी. व्हीसीसीला ५ व्होल्ट चालतात. बोलण्या-ऐकण्याच्या पायांना मात्र ३.३ व्होल्टच द्यावेत, म्हणून बोर्डही ३.३ चा घेतला. मॉड्यूलची वीज थेट चार्जरवरून घ्या, बोर्डाच्या ३.३ च्या पायावरून घेऊ नका. मॉड्यूल बोलते तेव्हा एकदम १०० मिलिअँपियरच्या वर ओढते. बोर्डाला ते पेलत नाही आणि तो मध्येच भानावर येऊन पहिल्यापासून सुरुवात करतो. कपॅसिटर मॉड्यूलच्या व्हीसीसी आणि जीएनडीला अगदी लगटून लावा. अधिक-उणे पाहून लावा, उलटा लावला तर फुटतो.

बोलण्याची तार ऐकण्याला आणि ऐकण्याची बोलण्याला जोडायची. एकाचे तोंड दुसऱ्याच्या कानाशी हवे. तोंडाला तोंड लावले तर दोघेही बोलत राहतात आणि ऐकत कोणीच नाही. आणि दोन्हींचे ग्राउंड एक करायला विसरू नका.

आता बाईंच्या मुलाची अडचण. एम० आणि एम१ हे दोन पाय मॉड्यूलला सांगतात की आत्ता काय करायचे. दोन्ही ग्राउंडला जोडले तर ते कामावर असते. दोन्ही मोकळे सोडले तर आतून वर ओढले जातात, म्हणजे दोन्ही 'चढे' राहतात. दोन्ही चढे म्हणजे झोप. या झोपेत ते फक्त आपली मांडणी बदलून घेते, हवेत काही बोलत नाही आणि हवेतले ऐकतही नाही. नव्या माणसाला वाटते, दोन पाय रिकामे राहिले तर काय बिघडले? बोर्डावरचा दिवा लागतो, सगळे ठीक दिसते आणि काहीच होत नाही. बाई, मुलाला हे दोन पाय पाहायला सांगा. दहातल्या नऊ वेळा रोग तिथेच असतो.

नाव-गाव देणे

मांडणी करताना मात्र या झोपेचाच उपयोग होतो. मॉड्यूल यूएसबी पट्टीला जोडा, एम० आणि एम१ चढे ठेवा. या अवस्थेत मॉड्यूल नेहमी ९६०० या वेगानेच बोलते, म्हणून संगणकावर वेग ९६०० धरा. कंपनीचा एक छोटा प्रोग्राम मिळतो, त्यात हे सारे चौकटी भरून करता येते. पण आत काय चालते ते ठाऊक असले की चूक सापडते, म्हणून सांगतो. आकडे सोळाच्या हिशेबातले आहेत. नऊनंतर ए, बी, सी असे एफपर्यंत जातात.

आधी विचारायचे: 'सी१ सी१ सी१'. नव्या मॉड्यूलचे उत्तर येते: 'सी० ०० ०० १ए ०६ ४४'.

या सहा जोड्यांत त्याची सारी जन्मकुंडली आहे. पहिली जोडी हुकमाची. दुसरी आणि तिसरी मिळून त्याचा पत्ता. चौथीत बोलण्याचा वेग. '१ए' म्हणजे तारेवर ९६०० आणि हवेत सेकंदाला २४०० बिट. पाचवी वाहिनी. ८६२ मध्ये हा आकडा मिळवला की मेगाहर्ट्झ येतात, म्हणून ०६ म्हणजे ८६८. सहाव्यात शक्ती आणि इतर बाबी. ४४ म्हणजे पूर्ण शक्ती आणि चुका दुरुस्त करण्याची सोय चालू.

आता आपले लिहायचे. समजा आपण ठरवले: 'सी० ०७ २१ १८ ०४ ४४'. पत्ता ०७ २१ झाला. १८ केल्याने हवेतला वेग ३०० वर आला, म्हणजे सावकाश आणि लांब. ०४ ने ८६६ मेगाहर्ट्झ झाले. अंतर थोडे असेल तर शेवटचे ४४ बदलून ४७ करा, शक्ती १० मिलिवॉटवर येते. जवळच्या माणसाशी ओरडून बोलू नये, हे लहरींनाही लागू आहे.

जोडीतल्या दोघांनाही पत्ता, हवेतला वेग आणि वाहिनी तंतोतंत सारखी द्यायची. पत्ता मनाचा निवडा. फक्त 'एफएफ एफएफ' नको, तो सगळ्यांचे ऐकणाऱ्याचा पत्ता आहे. आणि ०० ०० तर मुळीच नको. का, ते आता सांगतो.

माझी चूक

माझी स्वतःची जोडी बसवली त्या वर्षीची गोष्ट. 'सी०' ऐवजी 'सी२' हा हुकूमही चालतो. फरक एवढाच, की सी० ने लिहिलेले कायम राहते आणि सी२ ने लिहिलेले वीज जाईपर्यंतच टिकते. मी वेगवेगळे आकडे घालून पाहत होतो म्हणून सी२ वापरत होतो. आकडे जमले, मोटर घरून लागली, घरात पेढे वाटले आणि सी० लिहायचे राहून गेले.

शेजारच्या बांधकऱ्याने ते पाहिले. त्यालाही हौस आली. त्याने तसेच सामान आणले, मी माझा प्रोग्राम त्याला जसाच्या तसा दिला. मॉड्यूल त्याने कारखान्यातून आले तसेच वापरले. पत्ता ०० ००. दोघांचेही महिनाभर सुरळीत चालले.

एके दिवशी दुपारी वीज गेली. धाकटा भाऊ म्हणाला, "वीज नाही तोवर ग्लँडची दोरी बदलून घेतो." तो विहिरीत मोनोब्लॉकच्या कट्ट्यावर उतरला. वीज नाही म्हटल्यावर कटआउट काढायचे त्याच्या मनातही आले नाही. माझ्याही आले नाही. अर्ध्या तासात वीज आली. विहिरीवरचे मॉड्यूल जागे झाले ते सी२ ची सारी मांडणी विसरून, कारखान्यातल्या पत्त्यावर. तिकडे शेजाऱ्याने वीज आलेली पाहिली आणि आपल्या घरी बटण दाबले. त्याची मोटर लागली. माझीही लागली.

भावाने पान्हा उचलायला हात मागे घेतला होता, एवढेच. त्याच क्षणी शाफ्ट फिरला. त्याने तिथूनच फोन लावला. "दादा, बंद कर! बंद कर!" मी घरून 'बंद'चे बटण दाबतोय, पुन्हा दाबतोय. पण घरचे यंत्र इन्व्हर्टरवर असल्याने आपल्या जुन्याच पत्त्यावर होते. माझे ऐकायला विहिरीवर कोणीच उरले नव्हते. शेवटी तो पायऱ्या चढून वर आला आणि स्टार्टरचे लाल बटण त्याने स्वतः दाबले. संध्याकाळी जेवताना तो काही बोलला नाही. त्याच्या ताटातला भात तसाच राहिला. वहिनी माझ्याकडे एकदा पाहून आत निघून गेल्या. ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

त्या रात्री मी खूप विचार केला. तार होती तेव्हा ती काही कामे न सांगता करत होती. माझ्या घरची तार माझ्याच विहिरीला जात होती, म्हणून शेजाऱ्याच्या बटणाने माझी मोटर लागायची सोयच नव्हती. तार तुटली की बोलणे बंद, हे कोणाच्याही डोळ्यांना दिसत होते. तार गेली, तिच्याबरोबर ही राखणही गेली. तार जे न सांगता करत होती, ते आता आपण एकेक सांगून करून घ्यायला हवे. या लेखातले दुसरे काही विसरलात तरी चालेल, एवढे विसरू नका.

पाच गोष्टी पक्क्या करा

एक. मांडणी सी० नेच लिहा. लिहून झाली की मॉड्यूलची वीज पूर्ण काढा, मिनिटभर थांबा, पुन्हा जोडा आणि 'सी१ सी१ सी१' ने विचारा. आपलेच आकडे परत आले तरच काम झाले. ते आकडे स्टार्टरच्या पेटीच्या दारावर आतून खडूने नव्हे, रंगाने लिहून ठेवा.

दोन. पत्ता हे कुलूप नाही, फक्त घराचा नंबर आहे. म्हणून निरोपातही आपल्या घराची खूण असू द्या. प्रोग्राममध्ये नुसते 'चालू' असे न पाठवता खूण, हुकूम आणि चढता अनुक्रमांक असे तिन्ही पाठवा. विहिरीवरच्या बोर्डाने खूण जुळली तरच ऐकायचे. शेजाऱ्याला प्रोग्राम जरूर द्या, पण खूण बदलून द्या.

तीन. गप्प राहणे म्हणजे बंद. हे सर्वांत महत्त्वाचे. 'चालू' एकदा पाठवून स्वस्थ बसायचे नाही. मोटर चालू ठेवायची असेल तोवर घरच्या यंत्राने दर ३० सेकंदांनी 'चालू ठेव' असे पाठवत राहायचे. विहिरीवरच्या बोर्डाने २ मिनिटे काही ऐकले नाही तर कोणाची वाट न पाहता मोटर बंद करायची. घरचे यंत्र बिघडो, अँटेना वाऱ्याने पडो, मोटर अडून बसणार नाही. जोडणीही त्याला धरून हवी. 'बंद'चा रिले लाल बटणाच्या ओळीत असा घाला, की रिलेला वीज मिळत असेल तोवरच वाट जोडलेली राहील. बोर्ड मेला की रिले सुटेल आणि मोटर थांबेल. 'चालू'चा रिले हिरव्या बटणाला समांतर घाला, आणि तो क्षणभरच दाबून सोडायचा.

चार. वीज गेली आणि आली तर मोटर आपणहून लागता कामा नये. बोर्ड जागा झाला की त्याने 'बंद' अवस्थेतच उठायचे आणि घराकडून नवा 'चालू' येईपर्यंत थांबायचे. ज्यांच्या स्टार्टरला ऑटो स्विच आहे त्यांनी तो या जोडीबरोबर वापरू नये. एका बैलाला दोन कासरे नकोत.

पाच. विहिरीत किंवा मोटरवर कोणी हात घालणार असेल तर कटआउट काढून खिशात घालायचे आणि पेटीला कुलूप लावायचे. वीज असो वा नसो. पेटीची किल्ली उतरणाऱ्याच्याच खिशात राहील. घरातले बटण कितीही दाबले तरी किल्लीपुढे त्याचे चालता कामा नये.

स्टार्टरची बाजू

इथे मी हात जोडून सांगतो, हे काम घरच्या मुलाने एकट्याने करू नये. बोर्डाबरोबर मिळणारे ते लहान निळे रिले २५० व्होल्टपर्यंतचे असतात. थ्री फेज स्टार्टरची कॉइल पुष्कळदा ४१५ व्होल्टवर असते. निळा रिले तिला थेट लावला तर ठिणगी पडून आतले टोक चिकटते आणि 'बंद' म्हटले तरी मोटर चालूच राहते. मध्ये योग्य व्होल्टचा मोठा रिले किंवा छोटा कॉन्टॅक्टर हवा. परवानाधारक वायरमनला बोलवा, त्याला हा लेख दाखवा आणि ओव्हरलोड, फेज राखणारा प्रिव्हेंटर आणि पाणी संपल्यावर बंद करणारी सोय यांतले काहीही वगळू देऊ नका. आपली जोडी त्यांच्या पुढे उभी करायची, त्यांच्या जागी नाही.

आणखी एक सोय करून घ्या. मोटर लागली की विहिरीने घराला उलट निरोप द्यावा. पण तो "हुकूम मिळाला" असा नको, "मोटर खरोखर चालली आहे" असा हवा. त्यासाठी मोटरच्या एका फेजच्या तारेभोवती सीटी कॉइल बसवा. तारेतून प्रवाह वाहत असेल तरच घरचा हिरवा दिवा लागेल. पोराला "गुरे बांधलीस का?" विचारल्यावर "हो" म्हणणे वेगळे आणि गोठ्यात गुरे दिसणे वेगळे.

बसवणे आणि चाचणी

विहिरीवरची पेटी पत्र्याची असते. पत्र्याच्या आत अँटेना ठेवली तर ती आंधळी आणि बहिरी होते. अँटेना पेटीबाहेर आणि उभीच हवी. घरची उभी आणि विहिरीची आडवी असे करू नका. जमेल तितकी उंच लावा, पण वीजवाहक तारांपासून चांगली दूर, पाइप चुकून पडला तरी तारांवर जाणार नाही इतकी दूर. अँटेनाची केबल मात्र आखूड ठेवा. लांब केबलमध्येच निम्मी शक्ती जिरते. मॉड्यूलच पावसापासून जपून डब्यात घालून वर नेले तर उत्तम. आकाशात विजा चमकू लागल्या की दोन्ही ठिकाणचे चार्जर काढून ठेवा.

कंपनी ३ किलोमीटरचे अंतर सांगते, ते मोकळ्या मैदानातले. आपल्याकडे मध्ये झाडी, टेकाड, पत्र्याचे गोठे असतात आणि सगळ्यांत मोठा अडसर उसाचा. ओली हिरवी पाने लहरी पिऊन टाकतात. म्हणून लावणीच्या महिन्यात चाचणी घेऊन खूश होऊ नका. ऊस डोक्याच्या वर गेला आणि पाऊस पडून गेला, की पुन्हा एकदा चाचणी घ्या. पद्धत सोपी आहे. स्टार्टरला जोडण्याआधी विहिरीवर नुसता एक दिवा लावा, घरून वीस निरोप पाठवा आणि विहिरीवर एकाने मोजत बसावे. वीसपैकी अठरा-एकोणीस पोचले तर ठीक. पंधराच पोचले तर अँटेना हात-दोन हात वर न्या आणि पुन्हा मोजा. ३०० च्या वेगात एकेक निरोप जायला सेकंदभर, कधी थोडा अधिक वेळ लागतो. तेवढा धीर धरा, बटण ठोकत बसू नका. टेबलावर चाचणी घेताना दोन्ही मॉड्यूल अगदी शेजारी ठेवू नका, खोलीच्या दोन टोकांना ठेवा. कानाशी ओरडलेले जसे नीट समजत नाही, तसेच त्यांचे होते.

आठवडाभर असा दिवाच चालवा. मुद्दाम घरची वीज काढा, दोन मिनिटांत विहिरीचा दिवा विझतो का ते पाहा. विहिरीची वीज काढून पुन्हा द्या, दिवा आपणहून लागत नाही ना ते पाहा. अँटेना काढण्याऐवजी घरचे यंत्रच बंद करून पाहा. या तिन्ही परीक्षा पास झाल्याशिवाय मोटर जोडू नका. मी त्या वर्षी या परीक्षा घेतल्या असत्या तर दुसऱ्याच परीक्षेत माझी चूक सापडली असती.

असो. पत्र लिहिणाऱ्या भगिनीला शेवटी एवढेच सांगणे. तुमचा मुलगा हुशार आहे. त्याने एम० आणि एम१ ग्राउंडला जोडले की त्याचे यंत्र बोलू लागेल आणि मालकांना रात्री ओढा ओलांडावा लागणार नाही. पण ज्या दिवशी यंत्र बोलेल, त्या दिवशी पेढे वाटायच्या आधी दोघांना समोर बसवून हा लेख मोठ्याने वाचून दाखवा. आणि पेटीच्या किल्लीसाठी देवघराशेजारी एक खिळा ठोका. खिळ्यावर किल्ली नसेल तेव्हा घरातले बटण कोणी दाबायचे नाही, कोणी तरी मोटरपाशी आहे असे समजायचे. आमच्या घरी तो खिळा वहिनींनी ठोकला. अजून त्यांची परवानगी घेतल्याशिवाय मी बटणाला हात लावत नाही.

ज्यांची जोडी अजून गप्प असेल त्यांनी पत्र पाठवावे. पत्रात मॉड्यूलवरचे पूर्ण नाव, 'सी१ सी१ सी१' ला आलेल्या सहाही जोड्या आणि सातही पाय कुठे जोडलेत ते लिहावे. "चालत नाही" एवढेच लिहिले तर मलाही चालत नाही. पुढच्या लेखात याच जोडीने गावाबाहेरच्या टाकीतले पाणी घरात कसे मोजायचे ते पाहू.